वाराहीचे काळीज

गेल्या वर्षी दसऱ्याला सकाळी झेंडूची माळ, हळदकुंकू आणि नारळ घेऊन आम्ही सगळी मंडळी नेहमीप्रमाणे गाडीपाशी जमलो. पूजा झाली, चाकाखाली लिंबे ठेवून झाली; आणि सोने लुटायला निघण्यापूर्वी, आमच्या अप्पांच्या शिस्तीप्रमाणे, तेल बघावे म्हणून मी इंजिनातली पट्टी बाहेर काढली. पट्टीला काळे तेल नव्हते. पांढुरके, फेसाळ, थेट ताकासारखे काहीतरी होते. सौभाग्यवतीने चष्मा लावून ते पाहिले आणि म्हणाली, "अहो, हे तर कोणीतरी घुसळलेले दिसतेय!"

तिचे निदान अगदी बरोबर होते. तेलात पाणी शिरले की इंजिन त्याचे ताकच करते. सोने लुटायला त्या दिवशी आम्ही रिक्षाने गेलो.

ही गाडी म्हणजे १९५७ सालची फियाट ११००. पन्नाशीच्या आतल्या वाचकांना हे नाव सांगून काही बोध होणार नाही. पण घरातल्या आजोबांना 'डुक्कर फियाट' म्हणून पाहा, त्यांचे डोळे लकाकतील. फुगीर नाक, गोलसर पाठ, आखूड बांधा, असे तिचे ध्यान असल्यामुळे मुंबईकरांनी तिला हे नाव ठेवले आणि ते चिकटले ते कायमचेच. अप्पांना मात्र तो शब्द घरात खपत नसे. तेव्हा आमच्या आजीने तोड काढली. "डुक्कर कशाला म्हणता? वराह म्हणा. अवतार आहे तो!" म्हणाली. गाडी ती स्त्रीलिंगी, म्हणून वराहाची झाली वाराही. आज साठ वर्षे आमच्या घरात ती वाराहीच आहे.

वाराहीचे कूळ मोठे आहे. हिचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन इटलीतल्या फियाट कंपनीने प्रथम १९३७ साली आपल्या '५०८ सी' या गाडीत बसवले. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. पुढे १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात '११००-१०३' ही नव्या बांध्याची गाडी आली, तिच्यातही हेच माप. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून ती आपल्याकडे निघू लागली. इटलीवाल्यांनी पुढे आपल्या '११०० डी'साठी इंजिन वाढवून १२२१ घनसेंटिमीटरचे केले. कुर्ल्याने ते केले नाही. आमची वाराही, नंतरची 'डिलाइट', मग 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासूनची 'पद्मिनी' या सगळ्यांच्या पोटात तेच ६८ गुणिले ७५. घराण्यात आजीचे नाक नातीकडे यावे तसे हे इंजिन पिढ्यान् पिढ्या चालत आले. ही वंशावळ मी नुसती हौसेने सांगत नाही. पुढे तिच्यावरच आमचा निकाल लागायचा होता.

अप्पांनी ही गाडी १९६५ साली दादरच्या एका डॉक्टरांकडून घेतली. नवी गाडी मिळायला त्या काळी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे; जुनी मिळाली हेच नशीब. मी तेव्हा आठ वर्षांचा. पुढे सबंध एकच लांब बाक, गियरचा दांडा स्टिअरिंगच्या गळ्याशी. त्यामुळे पुढच्या बाकावर अप्पा, आई आणि मधे मी, असे आम्ही तिघे बसत असू. मागे आजी, आत्या, धाकटी बहीण, पाण्याची कळशी आणि दशम्यांचा डबा. छत्तीस अश्वशक्तीचे ते इंजिन एवढा बारदाना घेऊन बोरघाट चढे. वरच्या वळणावर थांबून बॉनेट उघडायचे आणि रेडिएटर निवेपर्यंत कणसे खायची, हा प्रवासाचाच भाग होता.

आता अशा गाडीचे इंजिन गेले म्हणजे घरात काय होते, ते सांगतो.

आमचे गॅरेजवाले उस्ताद नाना पेठेच्या अलीकडे असतात. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी आधी हेड उतरवले. हेड ॲल्युमिनियमचे, ते तापून वाकले असेल आणि मधले गॅस्केट फुटले असेल, अशी आम्हाला आशा होती. हेड थोडे वाकले होते खरे. ते घासून सपाट करून आणले, नवे गॅस्केट घातले. चार दिवसांनी पट्टीवर पुन्हा ताक! मग त्यांनी सबंध इंजिन खाली घेतले, धुतले, आणि दिव्यापुढे धरून मला दाखवले. दुसऱ्या सिलिंडरच्या भिंतीत केसासारखी बारीक चीर होती. ती पार पाण्याच्या पोकळीपर्यंत गेली होती.

"साहेब, ब्लॉक गया," उस्ताद म्हणाले. एवढेच. डॉक्टर बाहेर येऊन चष्मा पुसू लागले की नातेवाइकांना जे वाटते, ते मला वाटले.

लायनर घालून वाचवता येईल का, हे मी विचारले. सिलिंडर झिजला की तो खरडून थोडा मोठा करतात आणि मापाने मोठा दट्ट्या घालतात. 'दहा थाऊ', 'वीस थाऊ' असे करत करत चाळीस थाऊपर्यंत, म्हणजे सुमारे एक मिलिमीटरपर्यंत, जाता येते. आमचा ब्लॉक चाळीसला पोचलेला होता. त्यापुढे आतून पोलादी नळकांडे बसवतात, त्याला लायनर म्हणायचे. पण भिंतच चिरलेली असताना लायनर किती टिकेल, याची हमी द्यायला उस्ताद तयार नव्हते. "घालून देतो," म्हणाले, "पण खंबाटकीत बंद पडली तर मला फोन करू नका."

त्या रात्री जेवताना आमच्या घरात गोलमेज परिषद भरली.

चिरंजीव संगणकाच्या कंपनीत आहेत. त्यांनी ताबडतोब बॅटरीवर चालणारी मोटर घालायचे सुचवले. "बाबा, तेल नाही, पाणी नाही, ताक नाही!" इथपर्यंत खरेच होते. परंतु असा संच ए.आर.ए.आय.सारख्या चाचणी संस्थेने मान्य केलेलाच हवा, आणि तो त्या त्या गाडीसाठी मान्य असावा लागतो. सत्तर वर्षांच्या गाडीसाठी कोण खटपट करणार? शिवाय माझा आक्षेप वेगळा होता. ती गाडी आवाज करीत नसेल तर ती आली हे आईला कसे कळणार? आईचे वय नव्वद. तिला हल्ली दिसते कमी, पण फाटकाशी गाडी वळली की आतून विचारते, "आलास का रे?" हा युक्तिवाद चिरंजीवांना पटला नाही, पण त्यांनी तो मान्य केला, हे त्यांचे मोठेपण.

दुसरी सूचना जावईबापूंची. ते लष्करी खात्याशी संबंधित, त्यामुळे त्यांचे प्रेम मारुती जिप्सीवर. जिप्सीचे १२९८ घनसेंटिमीटरचे इंजिन गाडीत उभे, म्हणजे लांबीच्या दिशेने बसते. त्यामुळे मागच्या चाकांवर चालणाऱ्या आमच्या गाडीत ते बसवता येते. (त्याच मापाचे एस्टीमचे इंजिन आडवे असते आणि पुढची चाके फिरवते, म्हणून ते निरुपयोगी.) शक्ती ऐंशी घोड्यांची! पण वाराहीला चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. छत्तिसांच्या जागी ऐंशी घोडे जुंपले तर गाडी पळेल खरी, थांबेल कशी? मग ब्रेक बदला, मागचा आस बदला, रेडिएटर बदला. भिंतीला खिळा मारायला जावे आणि घरच नवे बांधावे, तशातला हा प्रकार.

तिसरे स्थळ मात्र मोहात पाडणारे होते. प्रीमियरने १९८५ साली '११८ एन.ई.' ही गाडी काढली, तिच्यात निस्सानचे ११७१ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. बावन्न अश्वशक्ती, स्वभावाने शांत, गाडीच्या अंगाला फार मोठे नाही. जुन्या फियाटवाल्यांत या इंजिनाला फार मान. उस्तादांच्या ओळखीत एक मिळतही होते, गियरबॉक्ससकट. मी जवळजवळ होकार देऊन बसलो होतो.

तो आईने विचारले, "त्याचा गियर कुठे असतो?"

"खाली, आई. दोन सीटांच्या मधे."

"म्हणजे बाक काढणार?"

बाक काढावाच लागणार होता. निस्सानचा गियरबॉक्स म्हणजे जमिनीतून वर आलेला दांडा. त्यासाठी गाडीचा तळ कापायचा, आणि अखंड बाकाच्या जागी दोन वेगळ्या खुर्च्या घालायच्या. आई आणखी काही बोलली नाही. तिने ताटातला भात मुकाट्याने संपवला. पण माझ्या डोळ्यांपुढे आले ते पुढच्या बाकावरचे मधले आसन. उजव्या बाजूला अप्पांचे गियर टाकणारे कोपर आणि डाव्या बाजूला आईच्या पदराचा वास. निस्सानचे स्थळ तिथेच मोडले.

डिझेलचा विषय सुनेने काढला आणि तिनेच मिटवला.

आता यात कायद्याचीही एक बाजू आहे. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती ठाऊक नसते आणि मागाहून पस्तावा होतो, म्हणून लिहितो. इंजिन बदलणे ही केवळ मालकाची आणि मिस्त्रीची गोष्ट नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालते, आणि मूळ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाविरुद्ध फेरफार करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे. नोंदणीच्या पुस्तकात इंजिनाचा क्रमांक असतो. तो आणि लोखंडावर ठोकलेला क्रमांक जुळला नाही तर विमा आणि विक्री दोन्हींचे वांधे. मी विमा कंपनीत पस्तीस वर्षे काढली आहेत. क्रमांक न जुळल्यामुळे रडणारी माणसे टेबलापलीकडून पाहिली आहेत.

शिवाय जुलै २०२१ पासून केंद्र सरकारने 'व्हिंटेज' गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू केली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. दहा वर्षांची नोंदणी मिळते. पण मग ती गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. चिरंजीव म्हणाले, "मूळ इंजिनच ठेवायचा तुमचा हट्ट असेल तर सरळ व्हिंटेज करून टाका." वाराहीतून मी दर रविवारी मंडईत जातो. भाजी आणणे हे संशोधनात बसेल असे मला वाटेना.

खरी अडचण मात्र कायद्याची नव्हती, माझ्या मनाची होती. मला दुसरे कोणतेच इंजिन नको होते. अप्पा १९९८ साली गेले. त्यांचा कोट, त्यांची काठी, त्यांचे पेन, सगळे एकेक करून कुठे कुठे गेले. पण सकाळी चोक ओढून वाराही चालू केली की जो आवाज येई, तो मात्र अप्पांच्या वेळचा होता. आठव्या वर्षापासून मी तोच ऐकत आलो, अशी माझी समजूत होती. ते इंजिन भंगारात टाकायचे म्हणजे... असो.

म्हणून मी लायनरच घालायचे ठरवले. होईल तो खर्च होवो. जुन्या ब्लॉकवरचा क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहावा म्हणून कागदपत्रांची पेटी खाली काढली. नंतरच्या नूतनीकरणांतले कागद वर होते. तळाशी मूळचे जीर्ण नोंदणी पुस्तक आणि अप्पांची गाडीची वही. या वहीत अप्पा पेट्रोलचा प्रत्येक थेंब लिहीत. मी पुस्तक उघडले. इंजिन क्रमांकाच्या जागी मूळचा आकडा लाल शाईने खोडलेला होता, वर दुसरा आकडा, बाजूला कचेरीचा शिक्का.

मग वही चाळली. २१ नोव्हेंबर १९७६ च्या खाली अप्पांच्या नेटक्या अक्षरांत लिहिले होते : "इंजिन नवे (जुने) बसविले. टॅक्सीचे. रु. १४००. चालते उत्तम. आवाज थोडा निराळा." आणि त्याच्या खालच्या ओळीत : "पेट्रोल १५ लि."

१९७६ साली मी सांगलीला वसतिगृहात होतो. मी वही घेऊन आईकडे गेलो. ती म्हणाली, "हो, बदलले होते ना! कात्रजच्या घाटात दांडा तुटून बाहेर आला होता. तुला सांगितले नाही का कोणी?"

कोणी सांगितले नव्हते. अप्पांना ते सांगण्यासारखे वाटलेच नसावे. म्हणजे ज्या आवाजासाठी मी महिनाभर घर डोक्यावर घेतले होते, तो मुंबईच्या कुठल्याशा टॅक्सीचा होता. आणि आठव्या वर्षी ऐकलेला खरा आवाज केव्हाच गेला होता. तो गेल्याचे माझ्या कानांना कळलेही नव्हते. मला आधी हसू आले. मग थोडा राग आला, अप्पांचा. मग वही मिटून मी उस्तादांना फोन केला आणि पद्मिनीचे इंजिन शोधायला सांगितले. अप्पांनी केले तेच करायचे.

पद्मिनीचे इंजिन आता मिळणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कचेरीत नोंदली गेली, आणि टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षे असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. तोवर भंगारात इंजिनांचा पूर असे. आम्ही पुण्याचा जुना बाजार पालथा घातला, मग कुर्ल्याला सी. एस. टी. रोडवर दोन फेऱ्या केल्या. तिथली पोरे इंजिनाकडे नुसते बघून साल सांगतात. "टॅक्सीचे घेऊ नका," एक म्हणाला, "गॅसवर चालून व्हॉल्व्हच्या सीटा खाल्लेल्या असतात. घरगुती गाडीचे घ्या." घरगुती गाडीचे! जणू वधूच पाहतो आहोत.

वधूपरीक्षाही तशीच झाली. उस्तादांनी चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. आकडा किती यापेक्षा चौघांचा सारखा आहे का, याला महत्त्व. एक जरी फार कमी भरला तरी नकार. तेल घालायच्या टोपणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवले. तिथे पांढरा साका असेल तर तेही ताकवालेच. क्रँकला पुढेमागे ढकलून ढिलाई पाहिली. तीन नाकारली, चौथे घेतले. अठ्ठावीस हजार रुपये. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे विकणाऱ्याकडून क्रमांकासह पावती आणि ज्या गाडीतून ते निघाले तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद घेतला. तो नसेल तर स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. चोरीचे निघाले तर दारात पोलीस.

इंजिन आले ते उघडून पुन्हा भरले. आपल्याकडे २००० साली शिशाचे पेट्रोल बंद झाले. ते शिसे व्हॉल्व्हच्या बैठकींना वंगणासारखे उपयोगी पडे. म्हणून बैठकी कठीण धातूच्या बसवल्या. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते आणि ते जुने रबर खाते. तेव्हा पंपाचा पडदा, नळ्या, कार्बुरेटरमधले वॉशर असे सगळे रबरी सामान नव्या प्रकारचे घातले. क्लच आणि गियरबॉक्स वाराहीचाच ठेवला. इंजिनाचे पाय बसताना थोडी ठोकठाक करावी लागली. घराणे एक असले तरी सून थोडी उंच असतेच. जुन्या डायनॅमोऐवजी पद्मिनीचा अल्टरनेटर मात्र राहू दिला. रात्री दिवे आता भक्क पडतात, आणि शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी मला त्याबद्दल खुशाल बोल लावावा.

आर.टी.ओ.त तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला तपासनीसांनी बॉनेट उघडायला लावले, क्रमांकावर खडू घासला, कागदाशी ताडला, आणि मग गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "आमच्या मामांकडे होती. हिचे पुढचे दार उलटे उघडते ना?" मी उघडून दाखवले.

पहिली फेरी आईची. तिला पुढच्या बाकावर धरून बसवले. मधे आमची सात वर्षांची नात बसली, सौभाग्यवती मागे. मी चोक ओढला. वाराही दोनदा खोकली आणि चालू झाली. आई मान किंचित तिरकी करून ऐकत होती.

"आवाज थोडा निराळा येतोय," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी अप्पांची वही काढली. पुढचे पान कोरे होते. तारीख घातली, इंजिनाचा क्रमांक लिहिला, किंमत लिहिली. खालच्या ओळीत पेट्रोल लिहायचे होते. पण पावती नातीने कुठे टाकली ती अजून सापडलेली नाही.